ऊसतोडीच्या फडासाठी पट्टा करणाऱ्या मुलीस

पोरी, अनेक आशीर्वाद.

ऊसतोड कामगारांना उन्हाचा ताण वेळीच कळावा म्हणून अंगावर बांधायचा पट्टा करायचा तुझा बेत वाचला. बीडच्या लेकीनं हा विषय हाती घेतला, याचं मला फार समाधान आहे. सर्किट नीट आहे. पण तुझ्या कागदांत पट्टा बांधणारी बाई कुठं दिसली नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

ती दिवसभर मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत वाहते. मनगटात बांगड्या असतात, भोवती पाचट असतं. तू पट्टा मनगटावर दाखवलास, तिथं तो अडकणार, सैल होणार. तुझा सेन्सर हिरव्या उजेडानं नाडी टिपतो. हात हलला की त्याचा आकडा भरकटतो, आणि सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन तो उजेड जास्त शोषत असल्यानं संकेत आधीच क्षीण असतो. दंडावर बांधून बघ. एकट्या त्वचेच्या तापमानावरही विसंबू नकोस. घाम वाळताना त्वचा गार लागते, तेव्हा आत ताप चढत असू शकतो.

खुर्चीत बसलेल्या मित्रांवर घेतलेले आकडे मला पाठवू नकोस. फेब्रुवारी-मार्चमध्ये, हंगाम संपायच्या आत, फडावर जा. बायांची संमती घे आणि त्यांच्यासोबत दिवस काढ. ‘पाणी प्या’ असा इशारा द्यायचं तू ठरवलंयस. फडात संडासाची सोय नसते म्हणून कित्येक बाया मुद्दाम पाणी कमी पितात. तो इशारा त्यांच्या काय कामाचा, ते त्यांनाच विचार.

स्क्रीन काढून टाक. एक लाल दिवा आणि थरथर पुरे. कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, विजेचा भरवसा नसतो, त्यामुळे एका चार्जिंगवर बरेच दिवस निघायला हवेत. साधा लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि आपल्याकडे मार्च सरला की तापलेल्या जागेत पारा तिथवर सहज जातो. तेवढ्या उष्णतेत चार्जिंग आपोआप थांबेल अशी सोय सर्किटमध्येच कर.

खोक्यावर ‘उष्माघात ओळखतो’ असं छापलंस की ते वैद्यकीय उपकरण ठरतं. १ एप्रिल २०२० पासून अशी सगळी उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत, २०१७ चे नियम त्यांना लागू होतात. सेलसाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी आणि ब्लूटूथसाठी डब्ल्यूपीसीची, म्हणजे बिनतारी उपकरणं बघणाऱ्या केंद्राच्या विभागाची, मंजुरी वेगळी. हे कागद कसे करायचे ते संभाजीनगरच्या ‘मॅजिक’ या नवउद्योगांना मदत करणाऱ्या केंद्रात जाऊन विचार.

आता माझ्या काळजीचा मुद्दा. पैसे कोण देणार? उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, फेडणारी नवरा-बायकोची जोडी, फडातला ‘कोयता’, देणार नाही. मुकादम देईल, कारखाना देईल, आणि लगेच विचारील: कोणता कोयता किती वेळ बसला? खाडा धरला की पैसे कापले जातात, हे तुला मी सांगायला नको. तुझा पट्टा त्या हिशेबाला जुंपला गेला, तर ज्या बाईला वाचवायला तू निघालीस तिच्याच मजुरीतून पैसे जातील. म्हणून नाडीचा आकडा पट्ट्यातच राहू दे आणि इशारा फक्त बांधणाऱ्याला मिळू दे. बाहेर जाईल ती फडातल्या उन्हाची नोंद, कुणाचंही नाव नसलेली. हे गुंतवणूकदार समोर येण्याआधी कंपनीच्या कागदांत लिहून ठेव. पैसे आल्यावर लिहिणं फार जड जातं. विकायचंच तर आधी ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाकडे जा. कामगारांच्या आरोग्यासाठी काही करणं हे त्यांचं कामच आहे.

डायची, म्हणजे पट्ट्याचं प्लास्टिकचं आवरण ओतायच्या साच्याची, घाई करू नकोस. स्टीलची डाय लाखांत जाते आणि एकदा कापली की बदल महाग पडतो. पहिले दहा नग थ्रीडी प्रिंटवर काढ, फडावर वापरून घे, तुटलेले मोडलेले तसेच घेऊन ये. वाळूजला मोल्डिंगवाल्यांकडे मी सोबत येतो.

तुझा,
काका