मे महिन्यातल्या प्लॉटवर रात्रीचा हिशेब

चि. नव्या बागायतदारास अनेक आशीर्वाद.

लेस्टरमध्ये तुला अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, अर्धा प्लॉट मिळाला हे वाचून आनंद झाला. पूर्ण प्लॉट जुन्या मापाने दहा पोलांचा, म्हणजे अडीचशे चौरस मीटरच्या आसपास असतो. तुझ्या वाट्याला सव्वाशे आले. मे अर्धा संपत आलाय आणि जमिनीवर गुडघाभर गवत आहे, म्हणून तू घाईला आला आहेस. घाई करायची कामं आहेत, पण ती तुला वाटतात ती नव्हेत.

महाराष्ट्रात वाढलेला माणूस इथे दिवस बघून पेरणी करतो आणि तिथेच फसतो. मेमध्ये ऊन लख्ख असतं, दुपारी वीस अंश होतात, संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो. पण त्याच रात्री पारा तीन-चारवर येऊ शकतो आणि आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल तर पहाटे जमिनीलगत दहिवर गोठतं. तुझ्या भागात मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हा धोका धरून चालावं लागतं, उत्तरेकडे आणि स्कॉटलंडात जूनच्या सुरुवातीपर्यंत. म्हणून हवामानाच्या अंदाजात कमाल तापमान बघू नकोस, रात्रीचं किमान बघ. शिवाय एक साधा माती-तापमापक घे. सकाळी नऊच्या सुमाराला तो दहा सेंटिमीटर खोल खुपसायचा. सलग चार दिवस आकडा १२ अंशांच्या वर राहिला तर घेवडा आणि मका पेरायला जमीन तयार आहे. त्याआधी पेरलेलं बी गार, ओल्या मातीत फुगतं आणि कुजतं. उकरून पाहिलंस तर बोटाने दाबताच पिठासारखं फुटणारं दल हातात येईल.

आधी जमिनीचं बघू. सव्वाशे चौरस मीटर एकदम उघडायला जाऊ नकोस. यंदा चाळीस चौरस मीटर नीट कर आणि उरलेलं झाकून टाक. गवत विळ्याने तळापासून काप, त्यावर जाड पुठ्ठा एकमेकांवर वीतभर चढवून अंथर आणि वरून उजेड न शिरणारं काळं कापड घालून कडा विटांनी दाबून ठेव. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आणि पिना आधी काढ, त्या कुजत नाहीत. वार्षिक तण अशाने मरतं. हराळीसारखं पसरणारं काउच गवत आणि पांढऱ्या मुळ्यांची चांदवेल (इथलं बाइंडवीड) यांना मात्र एक हंगाम पुरत नाही.

रोटाव्हेटर भाड्याने आणायचा विचार करतोयस, तो सोडून दे. चांदवेलीच्या मुळीचा दोन बोटं लांबीचा तुकडासुद्धा फुटतो. यंत्र एका मुळीचे पन्नास तुकडे करतं आणि चार आठवड्यांत पन्नास वेली वर येतात. चाळीस मीटर दातेरी फोर्कने खणायचे: फोर्क मुळाखाली घालायचा, माती सैल करायची आणि मुळी अख्खी ओढायची. जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण न चिकटणारी, असतानाच हे कर. तुझ्याकडची माती चिकण आहे. ओली असताना तुडवलीस तर तिची विटेसारखी ढेपळं होतील. मुळ्या कंपोस्टात टाकू नकोस. काळ्या पोत्यात बांधून वर्षभर ठेव किंवा महिनाभर पाण्यात बुडवून ठेव, मग टाकल्या तरी चालतील.

खणताना एक तण मुद्दाम राखून ठेव. राखाडी हिरवी, कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी असलेली रोपं मे-जूनमध्ये उघड्या मातीवर झपाट्याने येतात. शेजारी त्याला फॅट हेन म्हणून उपटून टाकतील. ते आपलं चाकवत आहे. जुन्या भाज्या संपलेल्या आणि नव्या अजून न आलेल्या अशा या दिवसांत ताकातल्या भाजीपुरतं ते फुकट मिळतं. वीतभर उंचीच्या आत खूड, फुलोऱ्यावर येऊ देऊ नकोस, कारण एक झाड हजारोंनी बी टाकतं. आधीच्या माणसाने तणनाशक मारलं होतं का, हे मात्र अलॉटमेंट समितीच्या चिटणीसाला विचारल्याशिवाय खाऊ नकोस.

शेणखताबद्दल सावध राहा. इथे फाटकाशी घोड्यांच्या लिदीचा ढीग बहुधा फुकट मिळतो. कुरणातल्या रुंद पानांच्या तणासाठी अमिनोपायरॅलिड नावाचं औषध मारतात. ते गवतातून घोड्याच्या पोटात जातं, पचत नाही आणि खतात तसंच उतरतं. असं खत पडलं की बटाटा, टोमॅटो, घेवडा यांची नवी पानं अरुंद होतात, कडा वर वळून पेल्यासारख्या होतात आणि शेंडा नेच्यासारखा आखडतो. त्यावर उतारा नाही, हंगाम जातो. म्हणून ढिगाच्या वेगवेगळ्या जागांचं खत तीन-चार कुंड्यांत कंपोस्टबरोबर निम्मं-निम्मं मिसळ, शेजारी नुसत्या कंपोस्टची एक कुंडी ठेव आणि सगळ्यांत ब्रॉड बीनचं (बाकल्याचं) बी लाव. तीन ते चार आठवड्यांत पानं बोलतील. मेथीसुद्धा याच द्विदल कुळातली, तिलाही हे औषध सोसत नाही.

आता काय लावायचं ते. बटाटा राहिलाच असेल तर याच आठवड्यात लाव. शार्लटसारखी मध्यम मुदतीची जात अजून साधते. बेणं बारा सेंटिमीटर खोल, दोन रोपांत ३० सेंटिमीटर, दोन सऱ्यांत ६० सेंटिमीटर. खोड वीतभर झालं की दोन्ही बाजूंनी माती ओढून भर दे, वर चार बोटं पानं दिसत राहू देत. भर दिली नाही तर वर आलेल्या बटाट्यांना ऊन लागतं, ते हिरवे आणि विषारी होतात. रात्री दोन अंशांचा इशारा असेल तर कोवळे कोंब मातीने पूर्ण झाक किंवा फ्लीस, म्हणजे पिकावर घालायचं पातळ पांढरं कापड, घाल. हलकं फ्लीस एक-दोन अंश वाचवतं. कोंब काळे पडले तरी घाबरू नकोस, बटाटा खालून पुन्हा फुटतो. उशिरा लावलेल्या बटाट्याला खरी भीती करप्याची. सलग दोन दिवस रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त राहिली, की करप्याला वाव मिळतो. हे हटन निकष इथले शेतकरी वापरतात. पानांवर तपकिरी डाग आणि मागे पांढरी बुरशी दिसली तर सगळा पाला जमिनीलगत काप, काढून टाक आणि दोन-तीन आठवडे थांबून बटाटे काढ.

घेवडा हे इथलं सगळ्यात भरवशाचं पीक आहे. वेलीच्या रनर बीनसाठी २.४ मीटरचे बांबू घे आणि दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर ठेवून रोव. बांबू जमिनीत निदान ३० सेंटिमीटर जायलाच हवेत. शेंडे जोडीने बांध आणि वरून आडवा बांबू टाकून सगळे त्याला जखडून टाक. ऑगस्टमध्ये वेल पानांनी भरला की त्याचं शीड होतं आणि उथळ रोवलेला मांडव एका वाऱ्यात आडवा होतो. प्रत्येक बांबूपाशी दोन बिया, पाच सेंटिमीटर खोल; दोन्ही उगवल्या तर एक काढ. ओळीच्या टोकाला सात-आठ बिया जास्तीच्या लाव, मर भरून काढायला त्या लागतातच.

मर होते ती मुख्यतः शंख नसलेल्या गोगलगायींमुळे. रात्री दहानंतर बॅटरी घेऊन फेरी मार, वेचून डबा भर. शक्यतो सकाळी पाणी घाल. संध्याकाळी ओल्या केलेल्या वाफ्यावर त्यांची रात्रभर चैन होते. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून बाहेर वापरायला बंदी आहे. शेडमध्ये जुना डबा सापडला तर तो नगरपालिकेच्या घातक कचऱ्यात दे. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, पण विरळ टाक, ढीग करू नकोस.

मका एका रांगेत लावू नकोस. कणसाचा प्रत्येक केस एका दाण्याचा असतो आणि परागकण वाऱ्याने येतात. रांगेत लावलास तर ते बाजूला उडून जातात आणि कणीस अर्धं बोडकं राहतं. चार बाय चारचा चौक कर, रोपांत ४० सेंटिमीटर. काळ्या कापडाखालची जमीनही रिकामी ठेवू नकोस. त्यात दीड-दीड मीटरवर चिरा दे, प्रत्येक ठिकाणी हातभर खड्डा करून कंपोस्ट भर आणि लाल भोपळ्याचं एकेक रोप लाव. वेल कापडावर पसरेल, खाली तण मरत राहील.

भोपळा, कुर्जेट (झुकिनी), मका यांची रोपं घरात किंवा नर्सरीत वाढलेली असतात, त्यांना थेट प्लॉटवर नेऊ नकोस. दहा ते चौदा दिवस बाहेरची सवय लाव: पहिले दिवस सावलीत दोन-तीन तास, मग पूर्ण दिवस, शेवटी रात्रीसुद्धा. घाई केलीस तर पानं पांढुरकी होतात आणि रोप तीन आठवडे जागचं हलत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलेलं कुर्जेट मेच्या मध्याला लावलेल्याला बहुतेक वेळा गाठतं.

घरच्या भाज्यांविषयी तू विचारलं आहेस. मेथी आत्ताच पेर, दाट, एक सेंटिमीटर खोल. महिन्याभरात कापणीला येते. कोथिंबीर जागेवरच पेर, तिची रोपं हलवली की ती लगेच फुलोऱ्यावर जाते. जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांहून मोठा होतो, त्यामुळे तशीही ती तग धरत नाही. दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेर, दुपारी सावली पडेल अशा कडेला. ऑगस्टमध्ये पेरलेली सगळ्यात जास्त टिकेल. लाल माठ जूनमध्ये माती चांगली तापल्यावर. भेंडी, वांगी, मिरची, कारलं, दुधी यांना पॉलिटनेल (प्लास्टिकने झाकलेला मांडव) किंवा काचघर हवं. उघड्यावर जागा आणि जीव दोन्ही जातील.

वाल, पावटा आणि तूर मात्र लावूच नकोस, काचघर असलं तरी. त्यांच्या बहुतेक जाती रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय फुलत नाहीत. इथे रात्र दिवसाला गाठते ती सप्टेंबरच्या शेवटी आणि मग थंडी शेंग भरू देत नाही. वेल मात्र सुंदर हिरवागार वाढतो, म्हणून दरवर्षी कोणीतरी त्याच्यावर आशा लावून बसतं. गावाहून बी बॅगेत घालून आणू नकोस. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बियाणं आणायला मनाई आहे. श्रावण घेवड्याला दिवसाच्या लांबीची पर्वा नसते, इथल्या दुकानात मिळणारं फ्रेंच बीनचं बी तेच आहे.

गाजराला मेअखेरपर्यंत थांब. गाजरमाशीची पहिली पिढी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या शेवटापर्यंत अंडी घालते. त्यानंतर पेरलेलं गाजर तिच्यातून सुटतं. जुलै-ऑगस्टच्या दुसऱ्या पिढीसाठी वर बारीक जाळी लागतेच. पातळ पेर, म्हणजे विरळणी करावी लागणार नाही, कारण चुरगळलेल्या पानांच्या वासावर माशी येते.

पाणी रोज शिंपडू नकोस. वरची दोन बोटं ओली होतात आणि मुळं वरच राहतात. कोरड्या हवेत वाढत्या पिकाला दर आठ-दहा दिवसांनी चौरस मीटरला सुमारे २४ लिटर, म्हणजे दहा लिटरच्या अडीच झाऱ्या, एकदाच आणि मुळाशी. नवी रोपं याला अपवाद. त्यांना जीव धरेपर्यंत दर दोन दिवसांनी थोडं थोडं.

करारनामा नीट वाच. कापडाखालची जमीन लागवडीखाली धरतात की नाही, हे प्रत्येक समितीचं वेगळं असतं; चिटणीसाशी बोलून तुझा बेत त्यांना लेखी कळव. १९२२ च्या कायद्यानुसार अलॉटमेंटची जमीन मुख्यतः कुटुंबाच्या खाण्यासाठी पिकवायची असते, त्यामुळे कोथिंबिरीच्या जुड्या विकायचा विचार मनात आणू नकोस.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांचं मी अजून काही लिहिलं नाही, कारण ते मातीवर ठरेल. आम्लधर्मी मातीत क्लबरूट नावाचा रोग मुळांच्या गाठी करून टाकतो आणि तो वीस वर्षं जमिनीत राहू शकतो. मोहरी आणि मुळा याच कुळातले आहेत, तेव्हा पालेभाजी म्हणून मोहरी कुठेही शिंपडू नकोस. बागेच्या दुकानातून पीएच (मातीची आम्लता) मोजायचं साधं किट आण, प्लॉटच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली माती तपास आणि शेजारच्या दोन्ही प्लॉटवर क्लबरूट झालेला आहे का ते विचार. आकडे कळव, मग चुना किती घालायचा आणि कोबीची रोपं यंदा आणायची की पुढच्या वर्षी, ते ठरवू.