वाचकांचे प्रश्न : दिल्ली दरवाजा, लक्ष्मी रस्ता आणि ऊन

प्रश्न : मी पुण्यातील एका साप्ताहिकासाठी बातमीची छायाचित्रे काढतो. डिसेंबरमध्ये शनिवारवाड्याच्या पटांगणात सकाळी सभा होती. दिल्ली दरवाजा पार्श्वभूमीला घेतला, तेव्हा सर्व वक्त्यांचे चेहरे काळवंडलेले आले. जागेची आणि उजेडाची आखणी आधी कशी करावी? लोकांना थोडे सरकायला सांगितले तर चालते का?

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ दरवाज्याच्या दिशेत आहे. दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे आणि पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरमध्ये सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूलाच राहतो आणि भर दुपारीही ४८ अंशांच्या आसपासच चढतो. दरवाज्याकडे पाठ करून बोलणाऱ्याच्या मागून ऊन येते, दरवाजा स्वतः सावलीत राहतो, वर आकाश मात्र लख्ख असते. कॅमेरा त्या आकाशावरून एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रासाठी किती उजेड घ्यायचा ते, ठरवतो आणि चेहरे काळे पडतात.

अशा वेळी मंचाजवळ जाऊन चौकटीतून आकाश शक्य तितके वगळावे, चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करावे, म्हणजे तेवढ्याच लहान भागाचा उजेड मोजावा, किंवा एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). वक्ता भिंतीच्या सावलीत पूर्णपणे असेल, तर तिथला मऊ, सारखा उजेड मला उन्हापेक्षा अधिक पसंत आहे. दरवाज्यावर ऊन हवेच असेल, तर मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सूर्य उत्तरेकडे झुकून उगवतो आणि मावळतो त्या काळात, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा ते तिरपे मिळते. बातमी मात्र ऋतूसाठी थांबत नाही, म्हणून सावलीत काम करण्याची सवयच अधिक उपयोगी पडेल.

गणेश विसर्जन मिरवणुकीसाठी लक्ष्मी रस्त्यावर उभे राहायचे असेल, तर गणित वेगळे आहे. हा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो आणि विसर्जन मिरवणूक बेलबाग चौकाकडून अलका चौकाकडे, म्हणजे पश्चिमेला सरकते. सकाळी ऊन पथकांच्या पाठीमागून येते. चेहऱ्यांसाठी ही वेळ कठीण, पण उधळलेला गुलाल याच उजेडात पेटल्यासारखा दिसतो. दुपारी चारनंतर, आकाश मोकळे असेल तर, तोच सूर्य वादकांच्या समोर येतो आणि मिरवणुकीच्या पुढे उभ्या असलेल्या छायाचित्रकाराच्या पाठीशी राहतो. ढोल-ताशा वाजवणाऱ्यांच्या चेहऱ्यांसाठी मी हीच वेळ राखून ठेवीन. भाद्रपदात ढग असणारच, हे धरून उंच जागेची परवानगीही आधीच घेऊन ठेवावी.

शक्य असल्यास आदल्या दिवशी त्याच वेळी जागेवर जाऊन सावल्या पाहाव्यात. मोबाइलवरील सूर्यमार्ग दाखवणारी ॲप्स चांगली आहेत, पण समोरच्या इमारतीची सावली नेमकी कुठवर येते, हे जागेवरच कळते. कार्यक्रम तासभर लांबला तर सूर्य आकाशात सुमारे १५ अंश पुढे गेलेला असतो, म्हणून उभे राहण्याची दुसरी जागाही ठरवून ठेवावी.

आता आपला शेवटचा प्रश्न. सभा, मोर्चा, अपघात किंवा मिरवणूक यांत कोणालाही सरकायला, थांबायला किंवा घोषणा पुन्हा द्यायला सांगू नये. आखणी आपल्या उभे राहण्याच्या जागेची आणि वेळेची करावी. घडणाऱ्या गोष्टीला हात लावला की ते छायाचित्र बातमीचे राहत नाही. मुलाखतीसोबतच्या व्यक्तिचित्राची गोष्ट निराळी आहे. तिथे त्या व्यक्तीला खिडकीजवळ किंवा झाडाच्या सावलीत बसण्याची विनंती खुशाल करावी; फक्त छायाचित्राखालच्या ओळीत ते घडत्या प्रसंगातले असल्याचा भास होऊ देऊ नये.