मंगळावर कमावलं तर कर कुणाला भरायचा?

मंगळाला तरी नाही. १९६७च्या अंतराळ करारानुसार कुठलाही देश परग्रहावर मालकी सांगू शकत नाही. मग तिथे कर लावणारं सरकार येणार कुठून? पण यान ज्या देशात नोंदवलेलं, त्याचा अधिकार यानावर आणि आतल्या माणसांवर कायम राहतो. म्हणजे वसुली पृथ्वीवरूनच!

१९७०मध्ये अमेरिकेच्या अपोलो १३चे अंतराळवीर जॅक स्वायगर्ट ऐनवेळी मोहिमेत आले आणि चंद्राच्या वाटेवर त्यांना आठवलं, रिटर्न भरायचा राहिलाय. नियंत्रण कक्षात हशा पिकला. शेवटी ‘देशाबाहेर आहेत’ म्हणून मुदतवाढ मिळाली. (देशाबाहेर तर होतेच!) आणि चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११च्या कस्टम्स फॉर्मवर, अमेरिकेतल्या होनोलुलूला, माल काय लिहिलाय? चंद्रावरचे दगड आणि धूळ.