सीडी ड्राइव्हमध्ये घातली की ओरखडे पडतात, दोष कुणाचा?

आधी सीडी उजेडात तिरकी धरून बघा. भोकाभोवती कंपासने काढल्यासारखा गोल चरा असेल तर तो ड्राइव्हमध्येच पडलाय. वेडेवाकडे ओरखडे बहुतेक आपल्याच हातचे. वाचताना लेसरचं भिंग डिस्कला टेकत नाही. पण डिस्क फिरत असताना लॅपटॉप उचलला किंवा कलता केला, नाहीतर डिस्क मधल्या चकतीवर नीट बसली नसेल, तर ती आत घासते. एखादी टाकाऊ सीडी घालून खात्री करा. पुन्हा गोल चरा पडला तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घ्या. खालच्या बाजूचे बारीक चरे पॉलिशने बरेचदा निघतात. माहितीचा थर छापील बाजूलगत असतो, तिकडचा खोल ओरखडा मात्र भरून निघत नाही.