दोघींचा देव एक की वेगळा?

प्रश्न : ताई, मी सोलापुरात नर्सिंग शिकते. आमचं घर ख्रिस्ती, गाव अक्कलकोट तालुक्यात. हॉस्टेलच्या खोलीत माझी जोडीदारीण मुस्लिम आहे. नाइट ड्यूटी सोबत, डबासुद्धा एकत्र. परवा लेबर रूमबाहेर बसलो असताना ती सहज म्हणाली, "तुम्ही तीन देव मानता, आमचा अल्ला एकच." मी म्हटलं, आम्हीपण एकच मानतो. पण पुढे नीट सांगता येईना. मग चिडून बोलले, "तुमचा देव नुसता हिशेब ठेवतो, आमचा प्रेम करतो." ते तिला लागलं. तेव्हापासून डबे वेगळे. खरं सांगा, आम्ही दोघी एकाच देवाची प्रार्थना करतो का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आधी डबे एकत्र करा, देवाचं मग बघू. शेंगाचटणी कुणाच्या घरून येते ते तू लिहिलं नाहीस. तिच्या घरून येत असेल तर घाईच कर.

तुझ्या धर्मात जे नाही ते तिने तुझ्या नावावर टाकलं, आणि तिच्या धर्मात जे नाही ते तू तिच्या. आता एकेक सोडवू.

सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती, असं येशूला विचारलं तेव्हा त्याने पहिली गोष्ट हीच सांगितली की आपला देव परमेश्वर एकच आहे. मार्कच्या बाराव्या अध्यायात काढून बघ. पहिले शिष्य यहुदी होते, त्यांच्या हाडीमाशी एकच देव. तरीही ते येशूला 'प्रभू' म्हणू लागले, त्याच्या नावाने प्रार्थना करू लागले. देवाचं एकपण न मोडता हे बोलायचं कसं, यावर मंडळी, म्हणजे चर्च, तीनशे वर्षं झगडली. आलेक्झांड्रियाचा आरियस म्हणायचा, पुत्र श्रेष्ठ खरा, पण तो देवाने निर्माण केलेला. ३२५ साली नायसियाच्या परिषदेने (ते गाव आज तुर्कस्तानात आहे) हे नाकारलं. पुत्र निर्माण केलेला नाही, तो आणि पिता एकाच तत्त्वाचे, असं ठरलं. पवित्र आत्म्याबद्दलचं बोलणं ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला पुरं झालं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन, तरी देव एकच, हा त्रैक्याचा सिद्धान्त जन्मला तो एकपण वाचवायला. 'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये नाही असं तुझी मैत्रीण म्हणेल. बरोबर आहे तिचं. शब्द मागाहून आला.

संडे स्कूलमध्ये तुलाही पाणी, बर्फ आणि वाफ शिकवलं असेल. माझे वडील पाळक होते, त्यांना हा दाखला अजिबात खपायचा नाही. पाणी एका वेळी पाणी असतं, मग बर्फ होतं, मग वाफ. म्हणजे एकच नट वेश बदलून येतो तसं झालं, आणि हे मत मंडळीने तिसऱ्या शतकातच बाजूला सारलं. येशू बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर येतो, आत्मा उतरतो, पित्याची वाणी होते, हे सगळं एकाच वेळी घडतं. सृष्टी नव्हती तेव्हाही देवामध्ये प्रेम होतं, कारण पिता पुत्रावर प्रेम करत होता. योहानाच्या पत्रात देव प्रेम आहे म्हटलंय, त्याच्या मुळाशी हे आहे. एवढं तुला मैत्रिणीला सांगता आलं तरी पुरे. सगळं समजलं पाहिजे असं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनाही त्रैक्य पटलेलं नव्हतं. तिथल्या मठातल्या सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून जो वाद घातला तो वाचला की वाटतं, ही बाई कुणाच्या दबावाखाली मान डोलावणारी नव्हे. तू तर लेबर रूमच्या बाकावर बसून उत्तर देत होतीस.

आता तिची बाजू. इस्लामचा कणा म्हणजे तौहीद, देवाचं एकपण. कुराणातली इख्लास ही सुरा, म्हणजे अध्याय, चारच आयतांची (वचनांची) आहे, तिला तोंडपाठ असेल. अल्ला एक आहे, तो कुणावर अवलंबून नाही, त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. देवाच्या जोडीला कुणाला बसवणं म्हणजे शिर्क, सगळ्यांत मोठं पाप. म्हणून 'देवाचा पुत्र' ऐकलं की ती दचकते. तिने तुला हिणवलं असं मला वाटत नाही; लहानपणापासून ज्या गोष्टीला जपायला शिकवलं तिला धक्का लागेल अशी भीती तिला वाटली.

कुराणात 'तीन म्हणू नका' असं आहे, ते चौथ्या सुरेत. पाचव्या सुरेत देव ईसाला, म्हणजे येशूला, विचारतो, मला आणि माझ्या आईला देव माना असं तू लोकांना सांगितलंस का? आणि ईसा नाही म्हणतो. मरियेला त्रैक्यात कोणतीच मंडळी धरत नाही. बायको, मूल असा देवाचा संसार तूही नाकारतेस. पण लगेच 'बघ, कुराण आमच्याबद्दल बोलतच नाही' असं म्हणून जिंकल्याचा आव आणू नकोस. हा गैरसमज काढून टाकला तरी तिचा आक्षेप उरतोच. देवाने माणूस व्हावं, भूक सोसावी, मार खावा, हे देवपणाला शोभत नाही असं इस्लाम म्हणतो. ख्रिस्ती माणूस म्हणतो, देवपण तिथेच दिसलं. इथे खरोखर मतभेद आहे आणि तो चहा पिऊन मिटणारा नाही.

हिशेबाचं तू जे बोललीस ते मात्र साफ चुकीचं. कुराणाच्या ११४ सुरांपैकी ११३ ची सुरुवात रहमान आणि रहीम या नावांनी होते, दोन्ही दयेची. तो माणसाला गळ्याच्या शिरेपेक्षाही जवळ आहे असं पन्नासाव्या सुरेत आहे. ती शीर तुला अ‍ॅनाटॉमीच्या तासाला दाखवली असेलच. बुखारी आणि मुस्लिम या नावांच्या दोन्ही हदीससंग्रहांत (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत) देवाचा एक शब्द येतो. जो माझ्याकडे चालत येतो त्याच्याकडे मी धावत जातो. हे वाचलं आणि मला लूकमधला उधळ्या पुत्राचा बाप आठवला. पोरगा अजून लांब आहे तोच म्हातारा धावत सुटतो. आमच्या शेजारच्या आपांना मी ती गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "ये तो हमारीच बात है."

फरक पुढे आहे. कुराण वारंवार सांगतं की भलं करणारे देवाला आवडतात, मर्यादा ओलांडणारे आवडत नाहीत. पौल लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. मुसलमानाने मनापासून तौबा केली की देव थेट माफ करतो, मध्ये कुणाच्या बलिदानाची गरज नाही, कुणी कुणाचं ओझं उचलत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत देव ते ओझं स्वतःच उचलतो, वधस्तंभावर. आणि ईसाला क्रुसावर मारलंच गेलं नाही असं कुराण म्हणतं. म्हणजे दोघींचा देव दयाळू, पण दया करण्याची रीत वेगळी.

बहुतेक लोक इथे एक गल्लत करतात. येशूची तुलना पैगंबरांशी आणि बायबलची कुराणाशी. असं मांडलं की दोन्हीकडची माणसं दुखावतात. येशूची तुलना करायची तर कुराणाशी कर. ख्रिस्ती म्हणतो, देवाचा शब्द देह होऊन आला. मुसलमान म्हणतो, देवाचा शब्द वाणी होऊन उतरला. हा शब्द निर्माण केलेला की अनादि, यावर इस्लाममध्येही आरियससारखाच वाद पेटला होता. मुअतझिला पंथाचे विद्वान म्हणत, कुराण निर्माण केलेलं आहे. ते अनादि मानलं तर देवाच्या जोडीला दुसरं अनादि उभं राहील. खलिफा मामूनने ८३३ साली हे मत काझी-विद्वानांवर लादायला घेतलं. इमाम अहमद इब्न हंबल बधले नाहीत. ते तुरुंगात गेले, पुढच्या खलिफाच्या काळात फटके खाल्ले. शेवटी सुन्नी परंपरेत त्यांचंच मत टिकलं, कुराण निर्माण केलेलं नाही. नायसियाच्या शब्दांजवळ हे किती जाऊन पोचतं बघ!

म्हणून नाताळाच्या तोडीचा त्यांचा दिवस शोधायचा तर मी ईद-ए-मिलाद म्हणणार नाही, शब-ए-कद्र म्हणेन. कुराण उतरलं ती रमजानमधली रात्र. तरावीहमध्ये, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजात, हाफिजसाहेब महिनाभरात अख्खं कुराण तोंडपाठ म्हणतात, तेव्हा मुसलमानाला जे वाटतं ते तुला प्रभुभोजनाच्या भाकरीपाशी काय वाटतं त्यावरून ताडता येईल.

आता तुझा मूळ प्रश्न. कॅथोलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ आणि १९६५ च्या दस्तऐवजांत, मुस्लिम आपल्यासोबत त्याच एका देवाची भक्ती करतात असं मान्य केलं. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांना पत्र लिहिलं, त्यात देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम हा दोघांचा समान पाया धरला. बऱ्याच प्रोटेस्टंटांना हे मान्य नाही. ख्रिस्ताला वगळून देव ओळखताच येत नाही असं ते म्हणतात. आपल्या भागातल्या मंडळ्या बहुतेक अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या, त्यामुळे तुझे पाळकसाहेबही कदाचित तसंच सांगतील, आणि त्यांचं ऐकून घे. माझं मत विचारशील तर, तुम्ही दोघी हाक मारता तो एकच. अब्राहामाला बोलावणारा, आभाळ-जमीन करणारा, शेवटी न्याय करणारा, असा दुसरा कुणी असूच शकत नाही हे तर दोघींनाही मान्य आहे. त्याच्याबद्दल तुम्ही जे सांगता ते मात्र एक नाही, आणि तसं भासवायची गरजही नाही.

एक कर. तिला मरियमची, म्हणजे येशूच्या आईची, गोष्ट सांगायला सांग. कुराणात नावाने येणारी ती एकमेव बाई. एकोणिसाव्या सुरेत ती एकटीच खजुराच्या बुंध्याला धरून कळा सोसते, हे आधीच मेले असते तर बरं असं म्हणते. मग तिला सांगणं होतं, झाड हलव, खजूर खा, पाणी पी. लूकमध्ये बाळंतपण एका वाक्यात उरकलंय. तुम्ही दोघी रोज जे बघता ते कुठे जास्त आलंय ते तूच ठरव.

प्रश्न : मी गिरणीतून निवृत्त झालेला माणूस. आम्ही सिद्धरामेश्वराच्या गड्डा यात्रेलाही जातो आणि दर्ग्यातही डोकं टेकवतो. शेवटी सगळे देव एकच. मग ख्रिस्ती-मुसलमान एवढी चिरफाड कशाला करतात?
– एक जुने वाचक, सोलापूर

उत्तर : काका, तुमचं मन मोठं आहे. पण 'सगळं एकच' हे तुमचं स्वतःचं मत झालं, त्या दोघांपैकी एकाचंही नाही. ते त्यांच्या तोंडी घातलं तर दोघेही मिळून तुमच्याशी वाद घालतील, निदान त्या निमित्ताने एकत्र येतील.

देवाने माणूस होणं आपल्याकडे नवलाचं नाही. म्हणून हिंदू माणसाला येशू चटकन अवतार वाटतो, आणि मुसलमान एवढा अडून का बसतो ते कळत नाही. पण ख्रिस्ती माणूसही अवतार म्हणायला कचरतो. तो म्हणतो, हे एकदाच झालं, आणि जो आला तो खराखुरा माणूस होता, दमायचा, रडायचा, मेला. तेव्हा चिरफाड म्हणू नका. विठ्ठलाच्या भक्तीत रमलेले श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी परंपरेतून आले होते, तरी मूर्तिपूजेवर त्यांनी सडकून लिहिलं. आपल्याच मातीतला दाखला आहे, दर्ग्यात जाल तेव्हा आठवा.

प्रश्न : मी मुस्लिम आई आहे. मुलीच्या शाळेत रोज सकाळी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना होते. तिने म्हणावी का? नको म्हटलं तर शाळेत वाईट दिसेल का?
– एक आई, विजापूर वेस

उत्तर : प्रार्थना ओळीने बघा. तुझं नाव पवित्र मानलं जावो, तुझी इच्छा पूर्ण होवो, आजची भाकर दे, आमची क्षमा कर, वाइटापासून सोडव. यातलं कोणतं मागणं तुमच्या घरात मागत नाहीत? नमाजच्या प्रत्येक रकातीत तुम्ही फातिहा म्हणता, तिच्यातही आधी स्तुती आणि मग सरळ वाट दाखव अशी विनवणी. अडतं ते पहिल्याच हाकेशी. कुराण देवाला पिता म्हणत नाही, आणि आम्ही देवाची लेकरं म्हणणाऱ्यांना पाचव्या सुरेत उत्तरही आहे. ख्रिस्ती माणसाला तर त्या हाकेतच सगळं मिळतं. त्यामुळे 'एक शब्दच तर आहे' असं मी तुम्हाला म्हणणार नाही. दीनच्या, म्हणजे धर्माच्या, बाबतीत काय योग्य, ते घरात आणि तुमच्या विश्वासातल्या आलिमांना विचारून ठरवा.

शाळेचं मात्र मी सांगू शकते, जन्म शाळेत गेला. घटनेच्या कलम २८ च्या तिसऱ्या उपकलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक उपासनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. मुख्याध्यापिकांना साधी चिठ्ठी लिहा : मुलगी प्रार्थनेला रांगेत उभी राहील, म्हणणार नाही. माझ्या वर्गातही अशा मुली असायच्या, हात बांधून शांत उभ्या राहायच्या. त्यांच्या मागच्या रांगेतल्या, प्रार्थना म्हणणाऱ्या, त्याच जास्त चुळबुळ करायच्या.