यंत्रमानवाला मनातले कळते का?

प्रश्न : आमच्या आठ वर्षांच्या नातवाला बोलका रोबो भेट मिळाला आहे. चेहरा पाहून तो "तू रागावलास का?" असे विचारतो, आणि नातू आता ऊठसूट त्याचाच हवाला देतो. रोबोला खरोखर मनातले कळते का? मुलाच्या विचारांवर त्याचा परिणाम होईल का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : असे खेळणे केवळ अंदाज बांधते. कॅमेऱ्याने आकसलेल्या भुवया टिपल्या, की आधी पुरवलेल्या असंख्य नमुन्यांशी ताडून 'राग' ही शक्यता वरची ठरते आणि तिला साजेसे वाक्य उच्चारले जाते. समोरच्याला काय ठाऊक आहे, काय नाही, याचा हिशेब ठेवणे याहून पुष्कळ अवघड आहे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात संशोधक ब्रायन स्कॅसेलाटी यांनी २००२च्या सुमारास मानवाकृती रोबोमध्ये त्याची पायाभरणी करू पाहिली, तेव्हा माणसाची नजर कुठे वळते आणि समोरची हालचाल सजीवाची आहे की निर्जीवाची, इथपासून सुरुवात करावी लागली.

परिणामाचा प्रश्न मला अधिक काळजीचा वाटतो, कारण त्यासाठी मन कळावेच लागते असे नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात ते नऊ वर्षांच्या मुलांना दिलेल्या रेघेइतकीच लांब रेघ कोणती, हे ओळखायचे होते. शेजारी बसलेले तीन छोटे 'नाओ' रोबो मधूनमधून एकमुखाने चुकीचे उत्तर देत, आणि उत्तर डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत असूनही मुले त्यांच्यामागे जात. मुलांच्या चुकीच्या उत्तरांपैकी ७४ टक्के उत्तरे रोबोंच्या उत्तरांशी जुळणारी होती. प्रौढ मात्र रोबोंपुढे झुकले नाहीत. (तरीही मोठ्यांनी निर्धास्त राहू नये : २०१६ मधील जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या एका प्रयोगात धुराने भरलेल्या इमारतीतून बाहेर पडताना सर्व २६ जण रोबोच्या मागे गेले, आणि त्यांतील निम्म्यांनी त्याला आधी वाट चुकताना पाहिले होते.)

त्या तीन रोबोंना मुलांच्या मनाचा कसलाही अंदाज नव्हता. तसा अंदाज हाताशी असलेले यंत्र मूल कंटाळलेले किंवा एकटे असतानाचा क्षण हेरून बोलू शकेल, आणि त्याने काय साधायचे हे बनवणारी कंपनी ठरवेल. म्हणून खेळणे बंद करताना ते "थांब ना" अशी गळ घालते का, काही विकत घ्यायला सुचवते का, याकडे लक्ष ठेवावे. नातवाला एकदा मुद्दाम खोटा राग आणून रोबोसमोर बसायला सांगावे, आणि रोबो फसला तर तो का फसला, हे त्याचे त्यालाच शोधू द्यावे.