आप्पांचा कासरा

प्रिय चिऊ,

काल रात्री तू अंथरुणातून उठून आलीस. मामाने पाठवलेला आजोबांचा फोटो हातात होता. म्हणालीस, "आई, आजोबा दर रविवारी चर्चला जायचे ना? मग इथे ते बैलांना का ओवाळतायत? पोळा तर हिंदूंचा सण ना? फादर रागावले नाहीत?" रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी "उद्या सांगते" म्हणून तुला निजवलं. पण या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर दिलं तर ते खोटं होईल. म्हणून तू शाळेत गेल्यावर लिहायला बसले. मराठीत लिहितेय. अडेल तिथे खूण कर, संध्याकाळी दोघी मिळून वाचू.

फोटोतले बैल आपले नाहीत, आधी हे सांगते. मांजरीला मुळा-मुठेच्या काठी ज्यांची जमीन आप्पा निम्म्या वाट्याने करायचे, त्या मालकांची ती जोडी. (मी त्यांना आप्पाच म्हणायचे, म्हणून इथेही तसंच लिहिते.) पाठीवर झुली, शिंगांना हिंगूळ, टोकांवर पितळी शेंब्या, गळ्यात घुंगुरमाळा. आप्पांच्या अंगात पांढरा नेहरू शर्ट, धोतर आणि टोपी. नाताळला आणि मालकांच्या घरच्या लग्नकार्याला हाच पोशाख असायचा. ताट आजीच्या हातात आहे. नीट बघ, बैलाच्या कपाळावर हळदीचा एक छोटा क्रूस दिसेल. तो आप्पांनी काढलाय.

आता मागे जाऊ. आप्पांचं गाव नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, श्रीरामपूरच्या बाजूला. आपले पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे. दुष्काळ पडले तेव्हा त्या भागात जेसुइट या कॅथलिक संघाचे जर्मन फादर आले. आज आपण ज्या देशात राहतो तिथलेच ते लोक. त्यांनी शाळा काढल्या, आणि ज्यांना पाटीला हात लावू देत नव्हते त्यांच्या पोरांना शिकवलं. आप्पांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो असा. कॅथलिक म्हटलं की पुण्यातसुद्धा लोकांना डिसोझा आणि फर्नांडिस आठवतात. साळवे, गायकवाड, शिंदे आठवत नाहीत. मला शाळेत मुली विचारायच्या, "तुझं आडनाव असं कसं?" मी गप्प बसायचे. आज वाटतं, तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं.

गावी पोळा श्रावणातल्या अमावस्येला. वेशीत तोरण बांधायचं, सगळ्या बैलजोड्या तिथे जमायच्या. मानाची जोडी आधी निघायची आणि मग पोळा फुटायचा. आपल्या पणजोबांची जोडी सगळ्यांत शेवटी सोडायचे. आप्पा म्हणायचे, "बैलाला काय कळतंय कोन पुढं न कोन मागं. पर माझ्या बापाला कळायचं." तरी पणजोबांनी पोळा कधी चुकवला नाही. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांवर हळद-लोणी चोळायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी बैलाला काम नाही, आसूड नाही, आणि घरात पहिली पुरणपोळी त्याची.

पणजोबा दर संध्याकाळी जपमाळ करायचे. आप्पा लहान असताना मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. "दोमिनुस वोबिस्कुम" त्यांना शेवटपर्यंत पाठ होतं, पण तेव्हा अर्थ कळत नव्हता. 1962 ते 1965 या काळात रोमला मोठी परिषद भरली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायला परवानगी मिळाली. आप्पा तेव्हा पंचविशीत होते. देवळात पहिल्यांदा पूर्ण मिस्सा मराठीत ऐकली त्या दिवसाची गोष्ट ते फार जपून सांगायचे. (चर्चला ते 'देऊळ'च म्हणायचे. त्या भागातले आपले जुने लोक तसंच म्हणतात.) तू इथे प्रार्थनेत 'ब्रोट' म्हणतेस ना, तिथे मराठीत शब्द आहे 'भाकर'. आमची रोजची भाकर आज आम्हास दे. आप्पा म्हणायचे, "भाकर म्हनल्यावर मला बाजरी दिसली, माझं रान दिसलं. तवा समाजलं आपन काय मागतोय."

मग 1972 आला. दुष्काळ. आप्पा चौतीस वर्षांचे, पदरात दोन पोरं. तुझा मोठा मामा चार वर्षांचा, मावशी तान्ही. मी तर जन्मलेही नव्हते. विहिरीला पाणी नाही, ज्वारी करपली, कडबा संपला. माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळायची, सुकडी मिळायची, त्यावर माणूस कसाबसा निभावून नेतो. बैलाला काय घालायचं? घरावरचं जुनं पाचट काढून घातलं, तेही सरलं. शेवटी आप्पा जोडी घेऊन घोडेगावच्या बाजारात गेले. तो गुरांचा मोठा बाजार. त्या वर्षी तिथे विकणारेच जास्त होते. जोडीला काय भाव आला ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. फक्त कासरा दिला नाही. बैल दुसऱ्याच्या दोरीने गेले, आणि आप्पा कासरा खांद्यावर टाकून रात्रभर चालत घरी आले.

त्यानंतर महिनाभरात सगळे पुण्याला.

आधी बांधकामावर बिगारी, मग मांजरीला सालगडी, आणि पाच-सहा वर्षांनी मालकांनी दीड एकर वाट्याने दिलं. खडकवासल्याचं पाणी उजव्या कालव्याने हडपसरवरून पुढे लोणी, यवत, दौंडकडे जातं. पाण्याची पाळी रात्रीची आली की आप्पा कंदील घेऊन दारं धरायला जायचे. एक वाफा भरला की त्याचं दार मातीने बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. मी कितीदा त्यांच्यासोबत गेलेय. गार चिखलात पाय, बेडकांचा आवाज, आणि आप्पा हळू आवाजात 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणतायत. एका वाफ्याला किती नमो मारिया लागतात हे त्यांना ठाऊक होतं. घड्याळ त्यांनी कधी घातलं नाही.

मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू. मेथी महिन्याभरात हाती येते, म्हणून गरिबाला परवडते. दुपारनंतर काढणी, संध्याकाळी जुड्या बांधायच्या. आजी, मामा, मावशी, मी, सगळे ओळीने बसायचो. केळीच्या सोपटाचा बंद, आणि मुळं सगळी एका रेषेत. एक जरी जुडी आत कमी भरलेली दिसली तर आप्पा ती सोडून पुन्हा बांधायला लावायचे. "घेनारी बाई बी चार पोरांचं बघून घेती," एवढंच म्हणायचे. पहाटे दोनला टेम्पो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. उजाडायच्या आत लिलाव व्हायचा, भाजी शेकड्याने जायची, आडत्याकडून पट्टी घेऊन आप्पा परत. कधी पट्टीत टेम्पोचं भाडंसुद्धा सुटायचं नाही. तशा दिवशी ते घरी आल्यावर आधी आमचं दप्तर बघायचे, मग चहा.

रविवारी यार्डातून आले की अंघोळ करून मराठी मिस्सेला. वहाणा बाहेर काढायचे. पुण्यात सगळे बूट-चपला घालून आत बाकावर बसत. आप्पा एकटे अनवाणी. मला लाज वाटायची. एकदा मी विचारलंच. म्हणाले, "पेरताना पायात वहान घालतो का आपन? मग हितं कशी घालू?" चिऊ, माझा नंतर बराच अभ्यास झाला, पण याहून नेमकं मला कोणी काही सांगितलेलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मालकांच्या गोठ्यात पोळा भाद्रपदातल्या अमावस्येला असायचा. पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत तो तेव्हाच असतो. पहिल्याच वर्षी मालकांनी जोडीचा कासरा आप्पांच्या हातात दिला. म्हणाले, "वर्षभर नांगर तुम्ही धरला, आज मिरवायचा मान तुमचा." ज्यांच्या बापाची जोडी वेशीतून शेवटी सुटायची, त्यांच्या हातात. फोटो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी काढलेला आहे, पण मान तोच. सोबत ओवाळण्यासाठी आजीला बोलावलं. आप्पांनी हळदीचा क्रूस काढला, 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं, आणि मालकीणबाईंनी त्यांच्या देवाचं नाव घेतलं. बैलांनी पुरणपोळ्या खाल्ल्या.

फादर रागावले का? नगर रोडच्या सेमिनरीतून, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण मिळतं तिथून, एक तरुण ब्रदर घरोघर भेटी द्यायला यायचे. त्यांनी एकदा तुझ्यासारखंच विचारलं. रागाने नाही, खरंच कळून घ्यायला. आप्पा म्हणाले, "बैल देव न्हाई, हे मला ठावं हाये. पर देवानं मला भाकर पाठवली ती ह्याच्या खांद्यावरनं. मग त्या खांद्याला लोनी नको?" ब्रदर काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते आशीर्वादाचं पाणी घेऊन आले, जोडीवर शिंपडलं आणि पंगतीला बसले. त्यांनी आप्पांना संत इसिदोरची गोष्ट सांगितली. माद्रिदजवळ मजुरी करणारा एक साधा शेतगडी. तो मिस्सेला जायचा तेव्हा त्याच्या जागी देवदूत नांगर धरायचे, अशी कथा आहे. 1622 मध्ये त्याला संतपद मिळालं, त्याच दिवशी फ्रान्सिस झेवियरलाही. त्याची बायको मारियासुद्धा नंतर संत झाली, हे आजीला फार आवडलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "देवदूतांनी बैलांना पानी दाखवलं का?" ते मनापासून विचारत होते. पुढे दर 15 मे ला, इसिदोरच्या सणाला, ते पहिली बादली गोठ्यात नेऊन ठेवायचे.

आणि एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आमच्याकडे श्रावणातल्या अमावस्येलाही पुरण शिजायचं. आजी दोन पोळ्या वेगळ्या काढायची, आप्पा त्या घेऊन बाहेर जायचे आणि रस्त्यावरच्या गाईला घालून यायचे. 8 सप्टेंबरच्या आसपास श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा असते, तिच्याशी याचा काही संबंध असेल असं मी धरून चालले होते. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलन होतं आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आप्पांनी टोपी घालून, ताठ बसून टीव्हीवर भाषण ऐकलं. मी त्या वेळी सुट्टीवर वडगाव शेरीच्या घरी आले होते. भाषण संपलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी भिंतीकडे बोट केलं. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली खिळ्याला तो कासरा असायचा, तूही पाहिलायस. म्हणाले, "त्या दोघांचं जेवन मी दर साली घालतो. आवतन दिलं व्हतं मी त्यास्नी. त्या साली पोळ्याच्या आधीच इकले."

अठ्ठेचाळीस वर्षं, चिऊ. आजीलाच फक्त माहीत होतं.

2023 च्या जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी ते गेले, पंचाऐंशी वर्षांचे होऊन. तू व्हिडिओवर अर्धवट पाहिलंस, म्हणून सांगते. त्या दिवशी आपल्या घरात चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, समोरच्या शेख चाचींनीही. मराठी घरात असंच करतात, मग घर कुणाचंही असो. कबरस्थानात प्रार्थना झाल्यावर प्रत्येकाने मूठमाती दिली. मालक आता नाहीत, त्यांचा मुलगा आला होता. जमिनीवर इमारती झाल्या, पण बांधाच्या कोपऱ्यात थोडा तुकडा उरलाय, तिथली माती त्याने रुमालात बांधून आणली होती. त्याने ती आधी मामाच्या हातात दिली, मग स्वतः टाकली.

कासरा मामाकडे आहे. तो काढायचा नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलंय.

रविवारी तुमच्या चर्चमध्ये सुगीबद्दल देवाचे आभार मानायला वेदीपुढे भोपळे, गहू, सफरचंदं मांडतील. तू विचारत होतीस आपण काय न्यायचं. बाल्कनीतल्या कुंड्यांत मी महिन्यापूर्वी मेथी टाकली होती ती आता वीतभर झालीय. शनिवारी दुपारी काढू. केळीचं सोपट इथे मिळायचं नाही, सुतळी चालेल. पण जुडी तू बांध. मुळं झटकून घे, सगळी एका रेषेत ठेव, आणि आत कमी भरू नकोस.

तुझी,
आई